आत्याच्या अकरा शेळ्या

१२ फेब्रुवारी २०१९

वही मिळाल्याला एकोणीस दिवस झाले आणि पहिलं पान आज उघडलं. रोज वाटायचं, आज लिहू. एक दिवस पेन सापडलं नाही. एक दिवस पेन सापडलं तर वहीवर शेळी बसलेली. बाकीच्या सतरा दिवसांचं कारण देता येत नाही. माझ्या अशा अर्ध्या वह्या लई आहेत. होस्टेलातली चार पानांची, वाळूजच्या कंपनीतली दोन पानांची, वेरूळला गाइडच्या मागं फिरायचो तेव्हाची अकरा पानांची. आयटीआयसुद्धा अशीच मधे सोडली.

ही वही खरं तर आत्याची. कडूबाई आत्या, बापाची मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. जानेवारीत पंचायतीच्या ओट्यावर शेळीपालनाचं एक दिवसाचं शिबिर झालं, तिथं तिला ही वही आणि एक छापील कागद मिळाला. तिला वाचता येत नाही. पोराकडं जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "धम्या, वाच बरं काय लिव्हलंय." मी मोठ्यानं वाचलं: दुष्काळात झाडपाला व बाभळीच्या शेंगा हा शेळ्यांसाठी पौष्टिक पूरक आहार आहे. तेवढ्यात टँकर आला आणि आम्ही दोघं हंडे घेऊन पळालो. कागदाच्या मागंही बारीक अक्षरात काहीतरी आहे. वाचू नंतर. सध्या खूण म्हणून वहीत घातलाय.

आत्या आता चाकणला, पोराकडं. साहेबरावला मुलगा झाला. तो म्हणाला, आई, आता इथंच राहा, नातू सांभाळ. जाताना तिनं वळकटी नेली, परात नेली आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटोही काढून नेला. तिथं भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. बाकी भिंत धुरानं काळी, त्यामुळं चौकोन उगाच डोळ्यात भरतो.

एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "दोन-चार महिने बघते. रमले तर ऱ्हाईन. नाय रमले तर माझी शेरडं हायत मला. अकरा हायत, त्यातल्या सात गाभण. ती हायत तवर मला कोणाच्या दारात ताट घेऊन उभं ऱ्हायची गरज नाय. समजलं का?"

"समजलं."

"काय समजलं?"

"शेळ्या सांभाळायच्या."

"व्हय. आन् हिंडायचं नाय."

माझ्यावर सोपवलं म्हणजे तिला दुसरं कोणी मिळालं नसणार. मी माझ्यावर सोपवलं नसतं.

२४ फेब्रुवारी

चाऱ्याचं काही खरं नाही. आपलं घर हर्सूलच्या पुढं, सावंगी फाट्यावरून आत, पत्र्याच्या दोन खोल्या. मागं माळ होता, मी लहानपणी तिथं शेळ्यांमागं फिरलोय. आता माळावर चुना लावलेले दगड आणि प्लॉटचे आकडे. कमानीवर कारंज्याचं चित्र काढलंय. कारंज्याखाली टँकरची वाट बघत हंड्यांची रांग असते. शेळी आत गेली की वॉचमन उठतो. वॉचमन म्हणजे रामकिसनबाबा, पिशोरकडचा म्हातारा. तो दगड मारल्यासारखं करतो, मारत नाही.

आत्यानं कडब्याची गंजी आणि तुरीचं भुसकट ठेवलंय. पाच महिने पुरवायचं म्हणाली. मला तर ते पाच आठवड्यांचं वाटतंय.

आज मात्र डोक्यात एक गोष्ट आली. जळगाव रोड रुंद करताहेत, फुलंब्रीकडं सगळी झाडं पाडताहेत. चिंच, जांभूळ, आंबा, बाभूळ, लिंब. जाड खोडं कंत्राटदार नेतो, फांद्या तिथंच पडून वाळतात. जेसीबीवाला पोरगा बिहारचा. तो म्हणाला, ले जाओ भाई, हमको तो रास्ता साफ चाहिए. मग मी त्याच्याजवळच बसलो. त्याच्या गावाकडं नदी घरात येते म्हणे, इथं लोक नदीची वाट बघतात. तास-दीड तास गेला. परत आलो तेव्हा शेळ्या ओरडून ओरडून बसल्या होत्या. पण हातगाडाभर पाला आणला. पडल्या तुटून.

शहर झाडं पाडतंय आणि माझ्या शेळ्या जगताहेत. हे मला एकट्याला सुचलं याचं बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी सुचलंय.

७ मार्च

शेळ्या झकास. खरंच. आत्या असताना दोन-तीन जणींची शेपटी कायम घाण असायची, पोटात जंत. पाला सुरू केल्यापासून लेंडी खडखडीत, अंगावर तकाकी. झिप्री तर, म्हणजे आत्याची लाडकी, लांब केसांची, पुढाऱ्यासारखी चालते.

शेजारच्या द्वारकाबाई बघायला आल्या. त्यांची म्हैस हडकली आहे. म्हणाल्या, "काय घालतो रे बाबा? आमच्या म्हशीला सांग की."

मी म्हणालो, "मावशी, गंजी घेऊन जा. भुसकटबी घ्या. मला आता लागत नाही."

"आन् कडूबाईला काय सांगू?"

"मी सांगतो. बुद्धी लागते, गंजी लागत नाही."

त्यांनी दोन दिवसात सगळं उचललं. अंगण मोकळं झालं. तिथं खाट टाकली.

दुपारी आत्याचा फोन. साहेबराव दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली बघितलं की गरगरतं म्हणाली. "पोरगं गोड हाय. सूनबाई म्हणती हात धुऊन घ्या. दिवसात वीस बारी धुती मी. हाताची सालपटं निघायला लागलीत." आणि हसली. मी गंजीचं सांगणारच होतो, पण ती झिप्रीबद्दल विचारत राहिली.

२६ मार्च

पाला संपत आला. पण रस्त्याच्या कडेच्या अजून न पाडलेल्या बाभळी आता शेंगांनी लगडल्या आहेत, आणि शेंगा तर कागदातच लिहिल्यात. पोती भरून आणल्या. वाळलेल्या कडक लागतात म्हणून पत्र्याच्या जुन्या ड्रममध्ये भिजवतो. सकाळी पाणी काळंशार. ते फेकायचं पाप कोण करणार, टँकर चार दिवसांनी येतो. तेच पाणी शेळ्यांना पाजतो. आधी तोंड फिरवायच्या, आता तहानेनं पितात.

एक शेंग मी चावून बघितली. जीभ टाळूला चिकटली, तोंड आत ओढल्यासारखं झालं, अर्धा तास थुंकी येईना. शेळीचं तोंड वेगळं असतं.

गंमत अशी की माझं पेन संपलंय. काडी त्या ड्रममध्ये बुडवून बघितली. आधी फिकट तांबूस उमटतं, वाळलं की काळं. हा सगळा मजकूर त्याच शाईचा आहे. फुकटची शाई. हात मात्र कोपरापर्यंत डागाळलेत, साबणानं जात नाहीत.

रामकिसनबाबा कमानीपाशी बसला होता. प्लॉटिंगच्या ऑफिसातला क्लार्क शेजारीच खुर्ची टाकून. बाबानं माझे हात बघितले, बराच वेळ बघितले.

"शेंगा का?"

"हो."

"किती घालतो?"

"पोटभर."

"पोटभर," तो म्हणाला. पुढं काही बोलणार होता, क्लार्ककडं बघितलं आणि तंबाखू मळायला लागला. म्हणाला, "मोकळा झाला की ये. बोलू." मी हो म्हणालो. तेवढ्यात निवडणुकीची जीप आली, भोंगा लावून, मागं उभं राहायला माणसं पाहिजेत म्हणाले. मी चढलो. पार सिल्लोडपर्यंत गेलो.

५ एप्रिल

शेळ्या उतरल्यात. पोट मोठं आहे पण माकडहाड वर आलंय. पाठीवरून हात फिरवला की करवतीवरून फिरवल्यासारखं. तकाकी गेली, केस उभे राहिलेत. लेंड्या काळ्या, बारीक, दगडासारख्या, आणि टाकताना कण्हतात. द्वारकाबाईंची म्हैस मात्र भरली. मला कळलं काय झालंय ते: उन्हाळा वाढला, भूक वाढली, शेंगा कमी पडताहेत. आजपासून दोन घमेल्यांची तीन केली.

आत्याचा फोन आला, वेगळ्याच नंबरवरून. "गल्लीतल्या बाईचा हाय. साहेबरावचा फोन चार्जिंगला असतोय."

"फोटो लावला का तिथं?"

"नाय आजून. भिंतीला खिळा ठोकू नका म्हणती. पिशवीतच हाय. मी गॅलरीत झोपती, हवा लई छान लागती." मग म्हणाली, "झिप्री कवा व्यायची रे?"

"पंधरा-वीस दिवसांत."

"पोटं भरतात ना?"

"टम्म."

हे खोटं नव्हतं. पोटं टम्मच आहेत.

भाड्याच्या घरात खिळा ठोकू देत नाहीत, हे मलाही माहीत आहे. वाळूजला मालक असाच होता.

१७ एप्रिल

जयंतीला शहरात गेलो. एक दिवसासाठी. छावणी भागातला मित्र भेटला, मग त्याचा मित्र, मिरवणूक, ढोल, दुसऱ्या दिवशी नान खलियाचं जेवण, तिसऱ्या दिवशी उगाच. आत्या म्हणाली होती हिंडायचं नाही. ड्रम भरून ठेवला होता, पोती उघडी ठेवली होती. द्वारकाबाईंना सांगितलं होतं नुसतं बघत जा.

काल दुपारी परत आलो. बांडी शेळी मेलेली. सकाळीच मेली असावी, बाकीच्या तिच्यापासून लांब एका कोपऱ्यात. दोघींची करडं पडलेली, अर्धवट, केस न आलेली. द्वारकाबाई म्हणाल्या, "म्यां पाणी दिलं, शेंगा सारल्या म्होरं. मला वाटलं, तुझं रोजचंच हाय."

त्यांनी माझ्याच सांगण्याप्रमाणे केलं.

१८ एप्रिल

अजून एक.

२१ एप्रिल

आज रामकिसनबाबा स्वतः आला. मेलेली तिसरी शेळी मी ओढत माळाच्या कडेला नेत होतो, तो कमानीवरून बघत होता. क्लार्क आज नव्हता. आला, गोठ्यात वाकला, ड्रममध्ये बोट बुडवून चाटलं आणि थुंकला.

"हे पाणी कसलं हाय, तुला ठावं हाय का?"

"शेंगांचं."

"कुंडाचं पाणी हाय हे. आमच्या पिशोरला माझ्या बापाची कातडं कमवायची कुंडं व्हती. बाभळीची साल आन् शेंगा कुटून टाकायचो, वरून कातडं. कातडं काहून टाकायचं?"

मी ड्रममध्ये बघितलं. तोच म्हणाला,

"कुजू नये म्हून. कच्चं कातडं चार दिवसांत सडतं. ह्या पाण्यात महिनाभर ठिवलं की जन्मात सडत नाय. त्याची चप्पल व्हती." तो झिप्रीच्या पोटावर हात ठेवून बसला. "आता शेरडाच्या पोटात काय व्हतं? पाला आत जातो, आत आंबतो, कुजतो, तवा त्याच्यातलं अंगी लागतं. तू आत हे पाणी भरलं. आत काय कुजंना. समदं घट्ट. पोट भरल्यालं आन् शेरडू उपाशी."

"म्हणजे मी त्यांना..."

"आतून कमावलं," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता.

"बाबा, तुम्ही तेव्हा का नाही बोलले?"

त्यानं ड्रममधलं बोट मातीत पुसलं. "पोरगा शहरात सायब हाय. म्हणतो, आबा, जुना धंदा कोणापुढं काढायचा नाय, नातवाची सोयरीक मोडती. तो क्लार्क बसला व्हता. मला वाटलं तू एकटा येशील." मग म्हणाला, "तू आला नाय."

मी जीपमध्ये होतो.

तो गेल्यावर वही उघडली. कागद होता तिथंच, फेब्रुवारीच्या पानात. पाठमोरा. दोन महिने मी त्याच्यावर हात ठेवून लिहितोय. मागची बाजू अशी:

बाभळीच्या शेंगा, आंबा व जांभूळ यांच्या पाल्यात तुरट द्रव्य (टॅनिन) जास्त असते. थोड्या प्रमाणात दिल्यास जंत कमी होतात. एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, सोबत कडबा अथवा भुसकट असावेच. गाभण शेळ्यांना बेताने. शेंगा राखेच्या पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यावे. लेंडी घट्ट व काळी होणे, अंग झडणे, केस उभे राहणे, जबड्याखाली सूज ही लक्षणे दिसताच बंद करावे.

ते पाणी ओतून द्यावे. मी पाजलं.

आत्यानं विचारलं होतं, काय लिव्हलंय. मी अर्धं सांगितलं.

२४ एप्रिल

काल मतदान होतं म्हणून दवाखाना बंद, आज गेलो. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मनस्विनी मॅडम म्हणून डॉक्टर आहेत. बाहेर बैलांची रांग. माझा नंबर दुपारी लागला. सगळं सांगितलं, हातही दाखवले. रागावतील वाटलं होतं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"जबड्याखाली पाणी साठलंय का कोणाच्या?"

"तिघींच्या."

"रक्तातलं प्रथिन संपलं की तसं होतं. शेंगांत प्रथिन असतं, पण टॅनिन त्याला धरून बसतं, सोडत नाही. शेळी हे गाईपेक्षा जास्त सोसते, म्हणून तुम्हाला उशिरा दिसलं." औषधाच्या बाटल्या दिल्या, पोट सुटायला तेल पाजायला सांगितलं. "शेंगा पूर्ण बंद. हळूहळू भुसकट, पेंड, स्वच्छ पाणी."

"भुसकट नाही मॅडम."

"थोडंही?"

"देऊन टाकलं."

त्यांनी पुढच्याला हाक मारली. मग मला म्हणाल्या, "त्या तिघींचं सांगता येत नाही. बाकीच्यांवर लक्ष द्या."

येताना जनावरांच्या चारा छावणीवर गेलो. गेटवरचा म्हणाला, इथं मोठी जनावरं घेतात, शेळ्यांचं आमच्याकडं काही आलेलं नाही. आत उसाचं वाढं पडलं होतं. मी पोतं पसरून उभा राहिलो. एका शेतकऱ्यानं आपल्या बैलापुढचं दोन कवळ उचलून घातलं, माझ्याकडं न बघता.

२८ एप्रिल

द्वारकाबाईंकडं गंजी मागायला गेलो. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बाबा, संपली रे. पाच-सहा पेंढ्या हायत, त्या ने." नेल्या. त्यांनी वर तांब्याभर दूधही दिलं. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत होती. आत्याचा कडबा. चांगला अंगी लागलाय.

झिप्री आज व्याली. एक मेलेलं, एक जिवंत, काळं, कानावर पांढरा ठिपका. उभं राहायला बघतंय. झिप्रीच्या कासेत काही नाही, चीकसुद्धा नाही. बाटलीनं म्हशीचं दूध पाजलं. बोट चोखतं. माझं बोट काळं आहे म्हणून आधी राखेनं घासून घेतलं.

उरलेल्या शेंगा राखेच्या पाण्यात भिजवून, पाणी फेकून, मूठमूठ देतोय, दुसरं काही नाही म्हणून. पाणी फेकताना शेजारपाजारच्या बायका बघतात.

४ मे

करडू गेलं. सकाळी बोट चोखलं होतं.

मोजायचं नाही म्हणून ठरवलं होतं. पाच उरल्यात. गाभणांपैकी एकटी झिप्री, बाकी चार भाकड.

शहरात जाऊन यावं असं वाटतं सारखं. कुठंही. आज नुसता फाट्यापर्यंत गेलो आणि जळगावकडं जाणारी प्रत्येक गाडी बघत उभा राहिलो. झाडं गेल्यामुळं लांबूनच दिसतात आता.

९ मे

आत्याचा फोन, परत तिसऱ्याच नंबरवरून. मागं रिक्षांचा आवाज. शेळ्यांचं काही विचारलं नाही. विचारलं, "घराचं दार नीट लागतं का रे? कडी पडली व्हती."

"लागतं."

"चूल हाय ना जाग्यावर?"

"हाय की. ती कुठं जाणार?"

म्हातारपणी माणसं काहीही विचारतात. मग म्हणाली, "पोरगं आता खेळतं चांगलं. त्याच्यासाठी बाई ठिवली. शिकल्याली हाय, म्हणं." मी म्हणालो बरं झालं, तुला आराम. ती म्हणाली, "व्हय. आरामच हाय." मग म्हणाली, "धम्या, चार करडं झाली असली तरी माझं भागतंय बघ. झाली का रे चार?"

मी सांगणार होतो. खरंच तोंड उघडलं होतं. आणि तोंडातून निघालं, "चार काय, नऊ झाली."

"नऊ?"

"झिप्रीला तीन."

पलीकडून नाक ओढल्यासारखं काहीतरी आलं, रेंज जात असावी. "नऊ," ती म्हणाली, "माझ्या पोरानं नऊ करडं जगवली, ह्या उन्हात." फोन कट झाला.

माझ्या पोरानं म्हणाली. साहेबरावचं नाव घ्यायचं असेल, चुकून.

अजून वेळ आहे. ती पावसाळ्याशिवाय येत नाही. तोवर कुठंतरी कामाला लागून दोन-चार तरण्या शेळ्या घेऊन ठेवीन. किंवा सगळं लिहून ही वही द्वारकाबाईंकडं ठेवून जाईन, कोणीतरी तिला वाचून दाखवील.

१३ मे

झिप्री गेली. काल संध्याकाळी मान टाकली, आज सकाळी नव्हती. रामकिसनबाबा आणि मी मिळून खड्डा काढला. जमीन इतकी कडक की पहार उडत होती. मी विचारलं, "कातडं?" का विचारलं माहीत नाही. बाबा म्हणाला, "नको. ऱ्हाऊ दे तिचं तिला."

भाकड चौघी उरल्या. त्यातली बारकी उठत नाही.

मार्चमधलं पान उघडून बघितलं, काडीनं लिहिलेलं. तेव्हापेक्षा जास्त काळं दिसतंय. पुढच्या दोन पानांवर उतरलंय.

१५ मे

पिशवी भरली. दोन शर्ट, ही वही भरायची राहिलीय. जळगावची दुपारची गाडी मिळेल. तिथून पुढं बघू. द्वारकाबाईंना सांगितलंय, चौघींना सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, शेंगा देऊ नका, एकही. त्या म्हणाल्या, "कडूबाई आली तर?" मी म्हणालो, इतक्यात येत नाही. त्यांनी चहा ठेवला, तो न पिताच आलो.

शेवटचं म्हणून एवढं लिहितो की आत्यानं माझ्यावर

मधेच थांबावं लागलं. रामकिसनबाबा आलाय. भर उन्हात, कमान सोडून, धापा टाकत. दाराच्या चौकटीला धरून उभा आहे. त्यानं आधी पिशवी बघितली, मग मला.

"फाट्यावर पुण्याकडची गाडी थांबली. तुझी आत्या उतरली."

"कोण?"

"कडूबाई. माझ्याकडं पाणी पिली. म्हणाली, तू म्होरं जाऊन पोराला सांग, म्या दमानं येती. डोक्यावर वळकटी हाय, परात हाय. छातीशी कापडात गुंडाळल्यालं काहीतरी चौकोनी हाय, ते माझ्याकडं धरायला देईना."

"काय म्हणाली अजून?"

"हसत व्हती. नऊ करडं झाली म्हणती. आता कोणाच्या दारात जायचं काम नाय म्हणती." तो खाली बसला. "मी काय बोललो नाय रे. मला बोलताच आलं नाय."

भिंतीवर पांढरा चौकोन आहे, खिळा तसाच आहे. पायांचा आवाज अजून येत नाही. पण चारही शेळ्या कान टवकारून फाट्याकडं बघताहेत, आणि परवापासून जी उठत नव्हती ती बारकी उठून उभी राहिलीय.